भाषानिवड दुवे

भाषानिवड दुवे : बहुभाषिक संकेतस्थळावर एका भाषेतल्या पानावरून तोच मजकूर दुसऱ्या भाषेत दाखवणाऱ्या पानावर नेणारे दुवे. ज्याला समोरचे पान वाचता येत नाही त्याच्यासाठी ते असतात, हे विसरले की सगळी मांडणी चुकत जाते.

प्रत्येक भाषेचे नाव त्या भाषेत आणि तिच्याच लिपीत लिहावे. इंग्रजी पानावर ‘मराठी’ हा शब्द देवनागरीतच हवा. रोमन अक्षरांत लिहिला तर फक्त मराठी वाचणाऱ्याला तो सापडणारच नाही. नावाऐवजी झेंडा लावायची पद्धत रूढ आहे, पण ती टाळावी. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत आणि तिरंगा एकच. स्पॅनिश वीसेक देशांची राजभाषा, तिला कोणाचा झेंडा द्यायचा? लिपीचे एखादे अक्षरही पुरत नाही, कारण मराठी, हिंदी आणि नेपाळी तिन्ही देवनागरीतच लिहितात.

दोनच भाषा असल्या की पुष्कळदा एकच बटण ठेवतात. त्यावर ‘मराठी’ असेल, तर आत्ता मराठी चालू आहे की दाबल्यावर येणार, हे कळत नाही. दोन्ही नावे शेजारीशेजारी ठेवून चालू भाषा ठळक करणे उत्तम. ब्राउझरच्या पसंतीवरून भाषा आपोआप ठरवता येते, तरी दुवा काढू नये. मोबाइल इंग्रजीत ठेवून मराठी वाचणारे घरोघरी आहेत.

सर्वांत जाच होतो तो दुवा मुख्यपृष्ठावर नेऊन सोडतो तेव्हा. पाणीपट्टीच्या पानावर ‘मराठी’ दाबणाऱ्याला पाणीपट्टीचेच मराठी पान मिळाले पाहिजे. त्यासाठी पानांच्या जोड्या सांभाळाव्या लागतात. विकिपीडियावर पूर्वी प्रत्येक भाषेतल्या लेखाच्या संपादन-मजकुरात आंतरविकी दुव्यांची, म्हणजे त्याच विषयाच्या इतर भाषांतल्या लेखांकडे नेणाऱ्या दुव्यांची, स्वतंत्र यादी असे, आणि ती जुळवत राहायचे काम सांगकामे, म्हणजे स्वयंचलित प्रोग्रॅम, करत. २०१३ पासून या जोड्या विकिडेटा या सामायिक माहितीसाठ्यात एकाच जागी नोंदल्या जातात.

पानाच्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे ब्राउझर वाचतो त्या मूळ संहितेत, भाषेचे संकेताक्षरही द्यावे लागते. मराठीचे ‘एमआर’, हिंदीचे ‘एचआय’. दुव्यालाही ते दिले, तर दृष्टिहीनांना पान वाचून दाखवणारी प्रणाली ‘मराठी’ हा शब्द मराठी आवाजात उच्चारू शकते. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे हिंदीहून वेगळी आहेत. टंकात (फाँटमध्ये) सोय असली आणि संकेताक्षर बरोबर असले, तर ही दोन अक्षरे मराठी वळणाची उमटतात. मराठी पानावर चुकून ‘एचआय’ राहिले, तर हिंदी वळणाची.