होलीरूडचा गुरुवार

स्कॉटलंडच्या संसदेत सरकारला जाब विचारण्याचा आणि चर्चेचा मुख्य दिवस. एडिंबरा शहरातील होलीरूड भागात ही संसद भरते, म्हणून बोलताना संसदेलाच ‘होलीरूड’ म्हणण्याची पद्धत आहे. सभागृहाची बैठक साधारणपणे मंगळवार, बुधवार आणि गुरुवार या तीन दिवशी होते. सोमवार व शुक्रवार सदस्यांना मतदारसंघासाठी मोकळे मिळतात. गुरुवारी भर दुपारी बाराला सरकारचे प्रमुख, म्हणजे फर्स्ट मिनिस्टर, स्वतः उत्तरे द्यायला उभे राहतात, त्यामुळे प्रेक्षागार, वार्ताहर आणि कॅमेरे त्याच तासाकडे धावतात. या नोंदीतील वेळापत्रक मुख्यतः २०२१ ते २०२६ या सहाव्या कार्यकाळातले आहे.

दिलेले अधिकार आणि प्रश्नांची कुंपणे

स्कॉटिश संसद सार्वभौम नाही. ब्रिटनच्या संसदेने १९९८ च्या स्कॉटलंड कायद्याने तिला अधिकार सोपवले. या व्यवस्थेला डिव्होल्यूशन म्हणतात. वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्येही अशी विधिमंडळे आहेत. कायद्याचे पहिलेच कलम ‘स्कॉटिश संसद असेल’ अशा एका छोट्या वाक्याने सुरू होते, पण तेवढ्यासाठी बराच काळ जावा लागला. १९७९ च्या सार्वमतात ५१.६ टक्के मतदारांनी विधिमंडळाच्या बाजूने कौल दिला होता; मात्र एकूण नोंदणीकृत मतदारांपैकी ४० टक्क्यांचा पाठिंबा हवा, ही अट पूर्ण न झाल्याने तो वाया गेला. ११ सप्टेंबर १९९७ च्या दुसऱ्या सार्वमतात ७४.३ टक्के लोकांनी होकार दिला. १२ मे १९९९ रोजी नव्या सभागृहाची पहिली बैठक भरली, तेव्हा वयाने सर्वांत ज्येष्ठ असलेल्या विनी यूइंग अध्यक्षस्थानी होत्या. २५ मार्च १७०७ रोजी तहकूब झालेली स्कॉटलंडची संसद पुन्हा भरत आहे, असे त्यांनी जाहीर केले. मधल्या २९२ वर्षांना एका लांबलेल्या तहकुबीत बसवणारे ते वाक्य स्कॉटलंडमध्ये आजही आवर्जून आठवले जाते.

मराठी वाचकाला ही व्यवस्था आपल्या राज्य विधानसभेसारखी वाटेल, पण अधिकारांची मांडणी उलटी आहे. भारतात केंद्र, राज्य आणि समवर्ती अशा तीन सूची आहेत आणि त्यांत न बसणारा विषय केंद्राकडे जातो. स्कॉटलंडच्या कायद्यात फक्त लंडनने स्वतःकडे राखलेल्या विषयांची यादी आहे. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, स्थलांतर वगैरे. जे त्या यादीत नाही ते आपोआप होलीरूडचे. आरोग्य, शिक्षण, पोलीस व न्यायव्यवस्था, शेती, पर्यावरण, स्थानिक संस्था हे सगळे त्यात आले. दुसरीकडे, आपल्या राज्यांच्या अधिकारांना संविधानाचे जे संरक्षण आहे ते होलीरूडला नाही. लिंगओळखीच्या कायदेशीर नोंदीत बदल करणारे विधेयक २२ डिसेंबर २०२२ रोजी इथे ८६ विरुद्ध ३९ मतांनी मंजूर झाले आणि पुढच्याच महिन्यात लंडनच्या सरकारने स्कॉटलंड कायद्याचे ३५ वे कलम प्रथमच वापरून ते रोखले.

प्रश्नांवरही याच कुंपणाचे बंधन असते. स्कॉटिश सरकारच्या जबाबदारीत येणाऱ्या बाबीवरच प्रश्न विचारता येतो. स्थलांतराबद्दल थेट विचारले तर तो विषय लंडनचा. म्हणून सदस्य वळण घेतात आणि परदेशी कामगार न मिळाल्याने वृद्धाश्रमांच्या किंवा मासळी प्रक्रियेच्या कामावर काय परिणाम झाला ते विचारतात, कारण काळजी-सेवा आणि मत्स्यव्यवसाय इथले. प्रश्न नेमका कुठल्या शब्दांत बसवायचा, ही होलीरूडच्या सदस्याची पहिली कसोटी असते.

सभागृह

सदस्य १२९. त्यांपैकी ७३ मतदारसंघांतून आणि ५६ जण आठ प्रदेशांतल्या पक्षांच्या याद्यांतून येतात. या मिश्र पद्धतीमुळे एका पक्षाला निर्विवाद बहुमत मिळणे अवघड जाते, आणि बहुमत नसलेल्या सरकारला प्रश्नांकडे काणाडोळा करून चालत नाही. इमारत कॅटलान वास्तुविशारद एनरिक मिरायेस यांची. ते २००० साली वारले आणि इमारत २००४ मध्ये वापरात आली. सुरुवातीच्या अंदाजात खर्च १ ते ४ कोटी पौंड धरला होता, तो ४१ कोटींच्या पुढे गेला आणि त्याची स्वतंत्र चौकशी झाली. पहिली पाच वर्षे सभागृह चर्च ऑफ स्कॉटलंडच्या महासभेच्या दालनात भरत असे.

आतली आसने अर्धवर्तुळात आहेत. लंडनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये दोन बाजू समोरासमोर बसतात. इथे ते जाणीवपूर्वक टाळले. सदस्य एकमेकांचा उल्लेख नावाने करतात आणि टाळ्याही वाजवतात. मध्यभागी चांदीचा राजदंड ठेवलेला असतो. त्यावर शहाणपण, करुणा, न्याय आणि सचोटी या अर्थाचे चार शब्द कोरलेले आहेत. वर ओक लाकडाच्या तुळयांचे छत. २ मार्च २००६ रोजी बैठक चालू असतानाच त्यांतली एक तुळई निसटून लोंबकळली आणि दुरुस्तीसाठी सभागृह हलवावे लागले.

अध्यक्षाला इथे प्रिसायडिंग ऑफिसर, म्हणजे पीठासीन अधिकारी, म्हणतात. निवडून आल्यावर त्या व्यक्तीने आपल्या पक्षाशी असलेला संबंध बाजूला ठेवायचा असतो. कुणाला बोलू द्यायचे आणि किती वेळ, हे ठरवण्याचा अधिकार मोठा. पण मंत्र्याचे उत्तर पुरेसे आहे की नाही, खरे आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्यात नाही. ‘याला प्रश्नाचे उत्तर म्हणायचे का?’ अशी तक्रार औचित्याचा मुद्दा म्हणून वारंवार उठते, आणि उत्तरातला मजकूर ही मंत्र्याची जबाबदारी आहे असेच दर वेळी सांगितले जाते. प्रश्नोत्तरांच्या या सगळ्या यंत्रणेतली ही सर्वांत मोठी उणीव आहे.

अकरा चाळीस ते बारा

गुरुवारी सकाळी समित्या बसतात. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी सभागृहात सामान्य प्रश्न सुरू होतात आणि बाराच्या ठोक्याला थांबतात. एवढ्या वीस मिनिटांत कोणत्याही खात्याबद्दल विचारता येते. कोण विचारणार हे सोडतीने ठरते, त्यामुळे पक्षात वजन नसलेल्या नवख्या सदस्याचेही नाव निघू शकते.

प्रश्न आधीच छापलेला असतो आणि त्याची सुरुवात नेहमी एकाच साच्याची असते : अमुक बाबतीत काय कार्यवाही होत आहे, हे स्कॉटिश सरकारला विचारावे. सदस्य उभा राहतो, त्याच्या मेजावरचा मायक्रोफोन जिवंत होतो, तो ते वाक्य जसेच्या तसे वाचतो. मंत्री उठतात आणि अधिकाऱ्यांनी लिहून दिलेले उत्तर वाचतात. इथवर काही घडत नाही, घडते ते पुढच्या अर्ध्या मिनिटात. उपप्रश्न आधी कळवायचा नसतो. सदस्य कागद खाली ठेवून म्हणतो की मंत्रिमहोदय सांगतात ती रक्कम मंजूर झाली हे खरे, पण माझ्या मतदारसंघातले दवाखान्याचे केंद्र महिन्याभरापासून बंद आहे, ते कधी उघडणार? आता मंत्र्यांना फाइल चाळत बोलावे लागते. कधी उत्तर मिळते, कधी ‘मी लेखी कळवतो’ मिळते, आणि त्या लेखी कळवण्यालाही किंमत असते, कारण ते शब्द इतिवृत्तात उतरलेले असतात. महाराष्ट्र विधानसभेतील तारांकित प्रश्न आणि त्यावरचे उपप्रश्न ज्याने पाहिले आहेत त्याला ही रीत लगेच ओळखू येईल. फरक घड्याळाचा आहे. इथे उपप्रश्न लांबला की पीठासीन अधिकारी तिथेच तोडतात, कारण रांगेत पुढचा सदस्य उभा असतो.

बातम्यांत ही वीस मिनिटे क्वचितच येतात, तरी दिवसातला खरा जाब इथेच विचारला जातो असे निकटून पाहणाऱ्याला वाटल्याशिवाय राहत नाही. बंद पडलेली बस, शाळेचे गळके छप्पर, बेटावरच्या रुग्णाची बोट चुकणे या गोष्टींना सरकारच्या तोंडून उत्तर मिळण्याची ही जागा आहे.

बारा वाजता

फर्स्ट मिनिस्टरचे प्रश्न जानेवारी २००० मध्ये, पहिले फर्स्ट मिनिस्टर डोनाल्ड ड्यूअर यांच्या काळात सुरू झाले. आरंभी अर्धा तास मिळे. २०१६ पासून पंचेचाळीस मिनिटे. मोठ्या विरोधी पक्षांच्या नेत्यांना पहिले दोन प्रश्न आणि त्यांवर अनेक उपप्रश्न मिळतात, मग इतरांची पाळी. अनेक वर्षे नेत्यांचा छापील प्रश्न एवढाच असे : फर्स्ट मिनिस्टरांचे आज दिवसभरातले कार्यक्रम कोणते? मूळ मुद्दा आधी उघड करायचा नाही, म्हणून ही युक्ती.

अर्धवर्तुळाने जे टाळायचे होते ते या पंचेचाळीस मिनिटांत परत येते. दोन्ही बाजू गरजतात, आकड्याला आकडा भिडतो. पण सातत्याने विचारलेला प्रश्न या गदारोळातही काम करतो. क्लाइड नदीवरच्या पोर्ट ग्लासगो येथील फर्ग्युसन जहाजबांधणी कारखान्याला २०१५ साली दोन फेरी बोटींचे ९.७ कोटी पौंडांचे काम दिले गेले. त्यांतली ‘ग्लेन सॅनॉक्स’ नोव्हेंबर २०१७ मध्ये तेव्हाच्या फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन यांच्या हस्ते पाण्यात उतरली, तेव्हा तिच्या खिडक्यांच्या जागी रंगवलेल्या खिडक्या होत्या. बोट २०१८ मध्ये सेवेत यायची होती. मधल्या काळात कारखाना सरकारने ताब्यात घेतला, खर्च मूळ रकमेच्या कित्येक पट झाला, फर्स्ट मिनिस्टर दोनदा बदलले, आणि अखेर जानेवारी २०२५ मध्ये ती ॲरन बेटाकडे प्रवासी घेऊन निघाली. एवढी वर्षे ‘बोट कधी?’ हा प्रश्न या सभागृहात पुन्हा पुन्हा विचारला गेला. बेटावर राहणाऱ्यासाठी बोट म्हणजे दवाखाना, किराणा आणि लेकीच्या घरची वाट. तो प्रश्न शिळा होऊ न देणे हे प्रतिनिधीचे कामच होते.

प्रेक्षागारात बहुतेक गुरुवारी शाळेची मुले असतात. ३० मार्च २०२३ रोजी नवे फर्स्ट मिनिस्टर हमझा युसफ यांच्या पहिल्याच प्रश्नोत्तरांत हवामानबदलाच्या प्रश्नावरील आंदोलकांनी प्रेक्षागारातून घोषणा दिल्या आणि कामकाज पुन्हा पुन्हा थांबवावे लागले. पीठासीन अधिकारी ॲलिसन जॉनस्टन यांनी शेवटी प्रेक्षागार रिकामे करायला सांगितले, पण शाळेच्या मुलांना बसू दिले.

दुपार

पाऊण वाजताच सभागृह रिकामे होऊ लागते. नेते बाहेर, वार्ताहर इमारतीतल्या गार्डन लॉबी या दालनात. निघणाऱ्यांनी आवाज न करता जावे, अशी विनंती पीठासीन अधिकारी करतात, कारण लगेच सदस्यांची चर्चा सुरू होते. ही चर्चा मंत्री नसलेल्या एखाद्या सदस्याच्या प्रस्तावावर असते, प्रस्तावाला इतर पक्षांतल्या सदस्यांचाही पाठिंबा लागतो आणि शेवटी मतदान होत नाही. विषय एखादा दुर्मीळ आजार, गावच्या वाचनालयाची शताब्दी किंवा बंद पडत चाललेली खाण असा असतो. सभागृहात वीस-पंचवीस जण उरतात, पण ज्यांच्याबद्दल बोलणे चालले आहे ती माणसे वर प्रेक्षागारात बसलेली असतात. मंत्र्यांना शेवटपर्यंत थांबून उत्तर द्यावे लागते.

जेवणाच्या सुट्टीनंतर एकेका खात्याचे प्रश्न आणि मग दिवसाची मोठी चर्चा होते. सरकारचा प्रस्ताव, विरोधकांचा प्रस्ताव किंवा विधेयकाचा एखादा टप्पा. विधेयकाचे टप्पे तीन : तत्त्वांवर चर्चा, समितीत छाननी, सभागृहात अंतिम निर्णय. दुसरे वरिष्ठ सभागृह नसल्याने समितीतली छाननी विशेष महत्त्वाची ठरते. मासिक पाळीचे साहित्य सर्वांना मोफत मिळावे, हा जगातला अशा प्रकारचा पहिला कायदा २४ नोव्हेंबर २०२० रोजी याच वाटेने एकमताने मंजूर झाला. तो सरकारने नव्हे, मोनिका लेनन या सदस्येने आणलेला होता. दिवसाचा कार्यक्रम पार्लमेंटरी ब्यूरो आखते. आपल्या कामकाज सल्लागार समितीसारखी ही समिती असून तिने आखलेल्या कार्यक्रमाला सभागृहाची मंजुरी लागते.

पाच वाजता

मतदान सहसा चर्चेच्या ओघात होत नाही. दिवसभरातले प्रस्ताव एकत्र करून पाचच्या सुमारास ‘डिसिजन टाइम’मध्ये निकाली काढतात. विधेयकाच्या अंतिम टप्प्यातल्या दुरुस्त्या याला अपवाद. संसदेचे नियम आखताना कामाचे तास घरसंसार सांभाळणाऱ्यांना झेपतील असे असावेत, यावर भर होता. सुट्ट्याही शाळांच्या सुट्ट्या पाहून ठरतात. रात्री उशिरापर्यंत मतदानासाठी ताटकळणे हीच ज्या काळी संसदीय रीत मानली जात होती, त्या काळात हा निर्णय धाडसाचा होता.

पीठासीन अधिकारी प्रस्ताव वाचून विचारतात, ‘सर्वांना मान्य आहे का?’ एकाने जरी ‘नाही’ म्हटले तर होय, नाही किंवा तटस्थ असे मत इलेक्ट्रॉनिक पद्धतीने नोंदवून मतदान होते. करोनाच्या साथीनंतर घरून ॲपवर मत देण्याचीही सोय आहे. कुणाचे ॲप जोडले गेले नाही तर ती व्यक्ती उभी राहून आपण कसे मत दिले असते ते सांगते. सदस्यवार मते इतिवृत्तात छापली जातात. ‘ऑफिशियल रिपोर्ट’ नावाचे हे इतिवृत्त सरकारच्या नव्हे, संसदेच्या कर्मचाऱ्यांकडून तयार होते आणि गुरुवारच्या बैठकीचे त्याच संध्याकाळी सर्वांना वाचायला मिळते. सकाळी अकरा चाळीसला विचारलेला उपप्रश्न आणि त्यावर मंत्र्यांनी दिलेला शब्द त्यात असतो, आणि तळाशी बैठक किती वाजून किती मिनिटांनी संपली त्याची नोंद.