ग्लुकोज आणि सलाईन: बाटल्या दिसायला सारख्या, काम निराळं

"ऑपरेशनच्या वेळी दोन सलाईन लावल्या, उपाशी होता तरी ताकद मिळाली." हे वाक्य इतक्यांदा कानावर येतं की आता राहवत नाही. सलाईन म्हणजे मिठाचं पाणी, लिटरला ९ ग्रॅम मीठ. त्यात कॅलरी शून्य. ग्लुकोजच्या ५ टक्क्यांच्या लिटरभर बाटलीत साखर ५० ग्रॅम, कॅलरी दोनशेच्या आत. (बाटलीवर डेक्स्ट्रोज लिहिलेलं असलं तरी ते ग्लुकोजच.)

घोटाळा होतो तो त्यापुढे. मिठाचं पाणी शिरेतून गेलं की पेशींच्या बाहेरच राहतं, मिठातलं सोडियम त्याला धरून ठेवतं. म्हणून रक्त गेलं, बीपी उतरलं की सलाईन किंवा रिंगर लॅक्टेट (तसंच क्षारांचं द्रावण) लावतात. ग्लुकोजमधली साखर मात्र पेशी वापरून टाकतात आणि मागे उरतं निव्वळ पाणी. त्यातलं दोन तृतीयांश पेशींत शिरतं. लिटरमागे रक्तवाहिन्यांत टिकतं जेमतेम ८०-९० मिली. त्यातच ऑपरेशनच्या ताणाने शरीर लघवी कमी करून पाणी साठवू लागलेलं असतं. अशा वेळी नुसतं ग्लुकोज चढवत राहिलं तर रक्तातलं सोडियम घसरतं आणि मेंदूला सूज येऊ शकते. लहान मुलांना हा धोका जास्त. बीपी उतरल्यावर "ग्लुकोज लावा" असा आग्रह धरणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

मोठ्या माणसाला ऑपरेशन चालू असताना बहुधा ग्लुकोज लागतच नाही. चीर दिली की कॉर्टिसॉल, ॲड्रेनॅलिन ही ताणाची संप्रेरकं वाढतात, यकृत स्वतःच साखर सोडतं आणि इन्सुलिनचा जोर कमी पडतो. मधुमेह नसलेल्याचीही साखर चढते. त्यावर बाहेरून आणखी साखर ओतली तर जखमेत जंतुसंसर्गाची भीती वाढते.

तरी ग्लुकोज सरसकट टाळणंही मला पटत नाही. उपास लांबला आणि यकृतातला साखरेचा साठा सरला की साखर तयार करण्यासाठी स्नायूंमधलं प्रथिन मोडतं, चरबी जळून कीटोन (त्यातून तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) वाढतात. थोडं ग्लुकोज ही झीज कमी करतं. नवजात बाळाचा साठा मुळातच तुटपुंजा, त्यामुळे त्याला ते बहुतेकदा द्यावंच लागतं. तान्ह्या मुलांसाठी १ ते २.५ टक्के पुरतं, तेही क्षार असलेल्या द्रावणातून. इन्सुलिनची ड्रिप चालू असलेल्या मधुमेहीलाही सोबत ग्लुकोज देतात आणि दर तासाला साखर तपासतात.