गर्भावस्था व पाळीव प्राणी

गर्भावस्था व पाळीव प्राणी : गर्भवतीच्या घरात कुत्रा, मांजर यांसारखा केसाळ प्राणी असल्यास तिच्या प्रतिरक्षा यंत्रणेवर आणि बाळाच्या पुढील ॲलर्जी-प्रवृत्तीवर होणाऱ्या परिणामांचा विचार या नोंदीत केला आहे.

‘मांजराच्या केसांची ॲलर्जी’ असे म्हटले जाते. पण दोष केसांचा नसतो. मांजराच्या लाळेत व त्वचेच्या तैलग्रंथींत ‘फेल डी १’ हे प्रथिन तयार होते. अंग चाटताना ते केसांवर पसरते, वाळते आणि सूक्ष्म कणांबरोबर हवेत तरंगत राहते. गाद्या-पडद्यांत ते अनेक महिने टिकते. त्यामुळे सातव्या महिन्यात घाईने मांजर दुसऱ्याला देऊन टाकले, तरी बाळंतपणापर्यंत फरक पडेलच असे नाही.

गर्भ निम्मा पित्याचा असूनही आईचे शरीर त्याला परका मानून नाकारत का नाही, हा प्रश्न पीटर मेडावार यांनी १९५३ मध्ये मांडला. टी-सहायक पेशी म्हणजे प्रतिरक्षा प्रतिसादाला दिशा देणाऱ्या पांढऱ्या पेशी; त्यांच्या ‘टीएच-१’ व ‘टीएच-२’ या दोन प्रकारांतील तोल गर्भावस्थेत ‘टीएच-२’ बाजूकडे झुकतो, असे उत्तर १९९३ मध्ये टॉम वेगमन व सहकाऱ्यांनी सुचवले. ॲलर्जीतही हीच बाजू वरचढ असते, म्हणून दोहोंचा संबंध जोडला गेला. आता हे चित्र फार ढोबळ मानतात; प्रतिसाद आवरून धरणाऱ्या नियामक टी-पेशींना अधिक महत्त्व दिले जाते. ॲलर्जीशी निगडित आयजीई हे प्रतिपिंड आईकडून वारेतून बाळाकडे जात नाही, त्यामुळे आईची ॲलर्जी जशीच्या तशी बाळात उतरत नाही. वारशाने येते ती प्रवृत्ती.

लहानपणी जंतुसंसर्ग कमी झाल्याने ॲलर्जी वाढते, या ‘स्वच्छता-गृहीतका’चा उगम सामान्यतः डेव्हिड स्ट्रॅचन यांच्या १९८९ मधील लेखाकडे नेतात. मार्च १९५८ मधील एका आठवड्यात ब्रिटनमध्ये जन्मलेल्या १७,४१४ मुलांच्या नोंदींत, थोरली भावंडे जितकी जास्त तितका परागज्वर कमी, असे त्यांना आढळले. हा संसर्ग भावंडांकडून थेट मिळत असावा, किंवा थोरल्या मुलांपासून संसर्ग झालेल्या आईकडून जन्मापूर्वीच मिळत असावा, असे दोन पर्याय त्यांनी दिले होते. पुढील चर्चेत दुसरा पर्याय बराच मागे पडला, हे खेदाचे आहे; प्रस्तुत विषयाचे बीज त्यातच आहे. ग्रॅहम रूक यांनी २००३ मध्ये मांडलेल्या ‘जुने मित्र’ या कल्पनेत भर साध्या संसर्गांवर नसून मानवाबरोबर उत्क्रांत झालेल्या सूक्ष्मजीवांवर व कृमींवर आहे. कृमींमुळे टीएच-२ प्रतिसाद वाढूनही ॲलर्जी वाढत नाही, या विसंगतीची संगती तिच्यात अधिक चांगली लागते.

जन्मपूर्व परिणामाचा सर्वांत भक्कम आधार गोठ्यांतून मिळतो. गरोदरपणी गोठ्यात काम केलेल्या युरोपीय स्त्रियांच्या मुलांत ॲलर्जी-संवेदनशीलता (ॲलर्जीकारक पदार्थांविरुद्ध आयजीई तयार होणे) कमी आढळली (२००६). घरगुती प्राण्यांबाबत पुरावा इतका एकमुखी नाही. डेट्रॉइट येथील २००८ च्या अभ्यासात, गरोदरपणी घरात प्राणी असलेल्या मातांच्या बाळांच्या नाळेतील रक्तात आयजीई कमी होते. कॅनडातील अभ्यासात (२०१७) अशा बाळांच्या आतड्यांत रुमिनोकॉकस व ऑसिलोस्पायरा हे, ॲलर्जी कमी असण्याशी जोडले गेलेले, जीवाणू अधिक होते. उलट, तान्हेपणी घरात प्राणी असण्याचा शालेय वयातील दम्याशी संबंध ११ युरोपीय जन्मगटांच्या (जन्मापासून पाठपुरावा केलेल्या मुलांच्या गटांच्या) एकत्रित विश्लेषणात (२०१२) दिसला नाही. तेव्हा ॲलर्जी टळावी एवढ्यासाठी कुत्रा आणणे किंवा घरातले मांजर घालवणे, दोन्हींना पुरेसा आधार नाही.

मांजराची खरी भीती गर्भाला अपाय करू शकणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची असते. मात्र २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री युरोपीय पाहणीत गर्भवतींमधील ३० ते ६३ टक्के संसर्ग अर्धवट शिजलेल्या मांसामुळे झालेले होते. मांजराच्या संपर्काचा संबंध आढळला नाही. मांजराच्या विष्ठेतील युग्मकपुटी (या परजीवीचे अंड्यासारखे कोश) संसर्गक्षम होण्यास एक ते पाच दिवस लागतात. म्हणून मांजराच्या शौचपेटीतील माती रोज बदलावी, आणि ते काम घरातील दुसऱ्या कोणी करावे. बागकामानंतर हात धुणेही तितकेच महत्त्वाचे.

दमा असलेल्या गर्भवतींपैकी साधारण एकतृतीयांश स्त्रियांचा त्रास वाढतो, तितक्याच जणींचा कमी होतो. श्वासातून घ्यायची स्टेरॉइडे भीतीपोटी स्वतःहून बंद करणे धोक्याचे. अनियंत्रित दम्याने बाळाचा ऑक्सिजन घटतो. त्वचेवरील ॲलर्जी-चाचण्या सहसा प्रसूतीनंतर करतात. कुत्रा किंवा मांजर चावल्यास रेबीजची लस लांबवू नये. गर्भावस्था ही त्या लशीला आडकाठी नाही.