लेव्हलर कंपनीचा घ्यायचा की गावात बनवायचा? अनुदानाचा अर्ज, पात्रता अन् कागदपत्रं

भाऊ, महाडीबीटीवर (राज्य सरकारचं अनुदानाचं पोर्टल) अर्ज भरायच्या आधी एक गोष्ट ठरवून घ्या, लेव्हलर म्हणजे ट्रॅक्टरमागं लावून वावर सपाट करायचं औजार, ते कंपनीचं घ्यायचं का गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून बनवून घ्यायचं. गावात बनवलेल्यावर अनुदान भेटत नाही. कृषी विभाग अनुदान देतो ते तपासणी झालेल्या औजारावर, म्हणजे त्या मॉडेलचा मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या औजार तपासणी केंद्रासारख्या मान्यताप्राप्त संस्थेचा टेस्ट रिपोर्ट पाहिजे, अन् आपल्या चौकातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडे तो कुठून येणार? तो पाटा कितीही मजबूत असो, कागदावर तो औजारच नाही.

आता यूट्यूबवर जो लॅन्ड प्लेन पाहून बरेच जण विचारतात, म्हणजे लांब फ्रेम, दोन बाजूला जमिनीवर घासत जाणाऱ्या पट्ट्या अन् मधात एकामागं एक दोन पाती, तो आपल्याकडच्या डीलरकडे त्या नावानं सहसा दिसत नाही. आपल्याकडे भेटतो तो साधा लेव्हलर, म्हणजे थ्री पॉइंटला (ट्रॅक्टरच्या मागं औजार जोडायची तीन टोकं) लटकणारं एक पातं, अन् वरच्या बजेटमधला लेझर लेव्हलर, ज्यात लेझरच्या इशाऱ्यावर पातं आपोआप वरखाली होते. साध्या लेव्हलरचा त्रास असा की ट्रॅक्टरचं मागचं चाक खड्ड्यात गेलं की पातंबी खाली जाते अन् उंचवट्यावर चढलं की वर उचलते, म्हणून नवख्या माणसानं चालवला तर वावरात लाटा पडतात. लॅन्ड प्लेनच्या लांब पट्ट्या खड्ड्यावरून तशाच पुढं जातात, पातं उंच जागा खरवडते अन् माती सखल जागी सोडते. अनुदानासाठी मात्र तुम्हाला पोर्टलच्या यादीत जे नाव आहे तेच निवडावं लागते, त्यामुळं अर्जात लेव्हलर किंवा लेझर लेव्हलर. भंडारा गोंदियाकडं धानाच्या बांधीत पाणी सारखं राहावं म्हणून लेझरवाला खरंच कामाचा, पण दोनचार एकर कपाशी सोयाबीनसाठी एकट्यानं तो घेणं मला तरी पटत नाही, तो गटाच्या औजार बँकेसाठी (जिथून सगळे औजारं भाड्यानं घेतात) ठीक.

पात्रता तशी सोपी आहे. जमीन तुमच्या नावावर पाहिजे, फार्मर आयडी म्हणजे शेतकऱ्याचा ओळख क्रमांक पाहिजे (2025 पासून त्याच्याशिवाय अर्जच पुढं सरकत नाही, काढला नसेल तर आधी ते करा) अन् ट्रॅक्टर पाहिजे. ट्रॅक्टर तुमच्याच नावावर असला पाहिजे असं नाही, घरच्या माणसाच्या म्हणजे वडिलांच्या किंवा बायकोच्या नावावर असला तरी चालते, फक्त आरसी म्हणजे ट्रॅक्टरचं नोंदणी पुस्तक जोडावं लागते. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर दाखवून जमत नाही. अजून एक, ज्या औजारावर एकदा अनुदान उचललं त्याच औजारासाठी पुढचे 10 वर्षं परत अर्ज करता येत नाही, दुसऱ्या औजारासाठी येतो. म्हणजे रोटाव्हेटर घेतला असेल तरी लेव्हलरला आडकाठी नाही.

अनुदान किती? अनुसूचित जाती, जमाती, महिला अन् अल्प-अत्यल्प भूधारक म्हणजे 2 हेक्टरपर्यंतवाले, यांना 50 टक्के, बाकीच्यांना 40 टक्के. पण प्रत्येक औजाराला वरची मर्यादा ठरलेली असते अन् दोन्हीपैकी जे कमी तेच भेटते. समजा औजार 60 हजाराचं अन् मर्यादा 25 हजार, तर 50 टक्के म्हणून 30 नाही भेटणार, 25च भेटणार. डीलर हे सांगत नाही, तो सरळ अर्धे पैसे वापस येतात म्हणते. तुमच्या एचपी गटाची (ट्रॅक्टर किती हॉर्सपॉवरचा त्यावरून गट) मर्यादा तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्या, फुकटात कळते.

कागदपत्रांत सातबारा अन् आठ-अ (ताजे काढा, तीन वर्षं जुनी झेरॉक्स देऊ नका), आधार, बँक पासबुक, ट्रॅक्टरची आरसी, अनुसूचित जाती-जमातीचे असाल तर जातीचा दाखला, निवड झाल्यावर डीलरचं कोटेशन अन् त्याच मॉडेलचा टेस्ट रिपोर्ट. सातबाऱ्यावर भावाबहिणींची सामायिक नावं असतील तर त्यांचं संमतीपत्रबी लागते. अन् बँकेचं एक ध्यानात ठेवा, पैसे पासबुकावरच्या खात्यात नाही तर आधारला जोडलेल्या खात्यात जातात, अन् आपल्याकडं कर्जमाफीच्या वेळी, गॅसच्या वेळी अशी दोनतीन खाती उघडलेली असतात, कोणतं जोडलं ते माणसालाच माहीत नसते. बँकेत जाऊन एकदा विचारून या.

अर्ज महाडीबीटीच्या शेतकरी पोर्टलवर. लॉगिन करून कृषी यांत्रिकीकरण निवडायचं, मंग ट्रॅक्टरचलित औजारं, मंग एचपी गट, मंग जमीन सुधारणा अन् पूर्वमशागतीच्या औजारांत लेव्हलर. एचपी गट आरसीवर जो आहे तोच टाका, अंदाजानं नको, पुढं छाननीत तिथंच अडकते. पोर्टलची फी 23 रुपये 60 पैसे आहे, सेतूवाला त्याच्यावर त्याचे घेते ते वेगळे. आधी लॉटरी लागायची, 2025-26 पासून पहिला अर्ज पहिलं प्राधान्य असं झालं, म्हणून पेरणीच्या तोंडावर धावपळ करण्यापेक्षा अर्ज लवकर टाकून ठेवणं बरं.

आता सगळ्यात जास्त केसेस जिथं बाद होतात ते. निवड झाल्याचा मेसेज म्हणजे मंजुरी नाही! मेसेजनंतर कागदपत्रं अपलोड करायची, छाननी होते, मंग पूर्वसंमती पत्र येते, अन् खरेदी त्याच्यानंतरच करायची. आमच्याकडं एकानं हंगाम निघून जाईल म्हणून आधीच औजार उचललं, बिलावरची तारीख पूर्वसंमतीच्या आधीची, झालं, अर्ज गेला. पत्रावर खरेदीची मुदत लिहिलेली असते, तीबी चुकवू नका. पैसे नगदी देऊ नका, स्वतःच्या खात्यातून डीलरच्या खात्यात टाका अन् जीएसटीचं पक्कं बिल घ्या. औजार ट्रॉलीत भरायच्या आधी फ्रेमवरच्या प्लेटवर कोरलेला सिरीयल नंबर बिलाशी जुळवून पाहा, मॉडेलचं नाव टेस्ट रिपोर्टशी. एखादा आकडा इकडचा तिकडं असला तरी तपासणीला येणारा माणूस तोच पकडते.

बिल अपलोड झालं की सहाय्यक कृषी अधिकारी (आधीचे कृषी सहाय्यक) वावरात किंवा घरी येऊन मोका तपासणी करतात, औजार, ट्रॅक्टर अन् तुम्ही असा फोटो लोकेशनसकट काढतात. त्या दिवशी औजार पाव्हण्याच्या गावी नको. नंतर अनुदान खात्यात यायला वेळ लागते, निधीवर आहे ते, म्हणून पूर्ण रक्कम आधी आपल्याला उभी करावी लागते हे धरूनच चाला.

हे सगळं बेरजेत बसत नसेल, म्हणजे अनुदान वजा करूनबी कंपनीवाला तुम्हाला गावच्या कामापेक्षा महाग पडत असेल, तर खुशाल लॅन्ड प्लेनसारखा बनवून घ्या. फक्त वेल्डिंगवाल्याला हे सांगा की रुंदी मागच्या दोन्ही टायरांच्या बाहेरपर्यंत पाहिजे, बाजूच्या पट्ट्या फ्रेमइतक्या लांब अन् पुढून वर वळलेल्या पाहिजे नाहीतर काळ्या मातीत रुततात, अन् पातं वेल्ड न करता बोल्टनं बसवायचं, दोनतीन भोकं ठेवून, म्हणजे कमीजास्त करता येते अन् झिजलं की बदलता येते. अन् मातीत ओल असताना घालू नका, काळी माती पात्याला गोळा होते अन् वावर दाबल्या जाते ते वेगळंच.