डीएनएच्या गाठी आणि नॉट थिअरी

पेशीतला लांबलचक डीएनए स्वतःतच गुंततो, किंवा दोन गोल डीएनए एकमेकांत अडकून बसतात, यालाच डीएनएची गाठ किंवा गुंता म्हणतात, आणि हा गुंता नक्की कुठल्या प्रकारचा आहे, कुणी केला, सुटणार कसा हे शोधायला गणितातली नॉट थिअरी, म्हणजे गाठींचा गणिती अभ्यास, वापरतात. हा अभ्यास खरा उभा राहिला तो १९८० च्या दशकात. यातली मेख अशी की डीएनए कापणारं-जोडणारं एन्झाइम, म्हणजे पेशीतलं कामकरी प्रोटीन, काम करताना कुणालाच दिसत नाही, दिसते ती त्याने मागे सोडलेली गाठ, मग त्या गाठीवरून उलटा हिशोब लावायचा की याने आत काय उद्योग केला असेल.

आपली रोजची गाठ, मग ती सुरगाठ असो की निरगाठ, शेवटी सुटतेच कारण दोरीला मोकळी टोकं असतात. गणितवाले ती टोकंच जोडून टाकतात, मग कापल्याशिवाय गाठ सुटत नाही. सगळ्यात साधी गाठ म्हणजे ट्रेफॉइल, तिच्यात दोरी स्वतःला ३ ठिकाणी ओलांडते, आणि तिचे डावा-उजवा असे दोन अवतार आहेत जे एकमेकांत बदलता येत नाहीत. ४ छेद, म्हणजे ओलांडण्याच्या जागा, असलेली फिगर-एट मात्र आरशात बघितली तरी तीच. या गाठींचे तक्ते १९व्या शतकातच बनले, कारण १८६७ मध्ये लॉर्ड केल्विन यांनी कल्पना मांडली की अणू म्हणजे ईथरमधली, म्हणजे सगळीकडे भरलेल्या एका काल्पनिक माध्यमातली, गाठाळलेली भोवऱ्यांची वर्तुळं, आणि त्यांचे मित्र पीटर टेट गाठी मोजायला बसले. अणूची कल्पना साफ चुकली, तक्ते मात्र टिकले आणि शंभरेक वर्षांनी बायोलॉजीवाल्यांच्या कामाला आले.

डीएनए गुंततो का? एक तर जागा कमी. माणसाच्या एका पेशीत साधारण २ मीटर डीएनए असतो आणि तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या केंद्रकात कोंबलेला असतो. लांब गोल साखळीत गाठ पडणं जवळजवळ अटळ असतं हा अंदाज १९६१-६२ मध्ये फ्रिश-वॉसरमन आणि डेलब्रुक यांनी बांधला होता, आणि १९८८ मध्ये समनर्स आणि व्हिटिंग्टन यांनी तो गणिताने सिद्ध केला. दुसरं कारण पीळ. डीएनएच्या दोन पट्ट्या दर साडेदहा बेसजोड्यांमागे, म्हणजे डीएनएच्या शिडीच्या पायऱ्यांमागे, एकमेकींभोवती एक फेरा घेतात, ई. कोलाय बॅक्टेरियाचा गोल डीएनए ४६ लाख बेसजोड्यांचा, म्हणजे जवळपास ४ लाख ४० हजार फेरे. त्याची कॉपी व्हायला साधारण ४० मिनिटं लागतात आणि तेवढ्यात हे सगळे फेरे सुटायला हवेत, सेकंदाला १८० च्या आसपास, आणि एक जरी शिल्लक राहिला तरी दोन्ही नव्या कॉपी साखळीच्या कड्यांसारख्या अडकून राहणार आणि पेशीची वाटणी रखडणार.

हे फेरे मोजायला लिंकिंग नंबर वापरतात, ही कल्पना मूळ गाऊस यांची, १८३३ ची. डीएनएसाठी सूत्र एका ओळीचं आहे: लिंकिंग नंबर म्हणजे ट्विस्ट अधिक राइथ, म्हणजे पट्ट्यांचा आपसातला पीळ आणि अख्ख्या डीएनएने हवेत घेतलेली वेटोळी यांची बेरीज. गोल डीएनए कुठेही कापला नाही तर बेरीज बदलत नाही, एकीकडे पीळ कमी केला की दुसरीकडे वेटोळी वाढतात. जेरोम व्हिनोग्राड यांना १९६५ मध्ये पॉलिओमा व्हायरसच्या डीएनएत हीच वेटोळी, म्हणजे सुपरकॉइलिंग, दिसली होती.

बेरीज बदलायची तर कापायलाच लागतं, आणि ते काम टोपोआयसोमरेज नावाची एन्झाइम्स करतात. पहिलं १९७१ मध्ये जेम्स वँग यांना सापडलं. टाइप वन एकच पट्टी कापून पुन्हा जोडतं, टाइप टू दोन्ही पट्ट्या कापून त्या फटीतून डीएनएचा दुसरा भाग आरपार काढतं आणि परत शिवून टाकतं. आता गंमत बघा, गणितवाले कागदावर गाठ सोडवताना वरचा धागा खाली आणि खालचा वर करतात, त्याला क्रॉसिंग चेंज म्हणतात, सगळ्यांना वाटायचं ही निव्वळ कागदावरची सोय, आणि टाइप टू प्रत्यक्ष पेशीत अगदी तेच करतं! १९८० मध्ये लियू, लियू आणि अल्बर्ट्स यांनी टाइप टू एन्झाइम गोल डीएनएत गाठी घालतं आणि सोडवतंही हे दाखवलं.

गाठ ओळखायची कशी हा खरा कटकटीचा भाग. सोपा रस्ता जेलचा: आधी एका पट्टीला छोटा काप देऊन सुपरकॉइलिंग घालवायची, मग डीएनए अगॅरोज जेलच्या लिबलिबीत थरात ठेवून करंट लावायचा, म्हणजे तो त्यातून सरकतो. लांबी सारखीच असली तरी जास्त छेदांची गाठ आटोपशीर असते म्हणून पुढे पळते, आणि जेलवर छेदांच्या संख्येप्रमाणे रेघांची शिडी दिसते. पण ५ छेदांच्याच दोन वेगवेगळ्या गाठी आहेत, त्या साध्या जेलवर नीट वेगळ्या करता येत नाहीत, डावी-उजवी तर कळतच नाही. मग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप. तिथे पंचाईत अशी की डीएनए फक्त २ नॅनोमीटर जाड, छेदावर वर कोण खाली कोण दिसत नाही, आणि एक छेद चुकीचा वाचला की गाठच बदलते. यावर उपाय निघाला डीएनएवर रेकए प्रोटीनचा थर चढवून तो जाड करण्याचा, १९८३ मध्ये निकोलस कोझारेली यांच्या गटाने असेच फोटो काढून गाठी डाव्या की उजव्या ते ठरवलं.

या विषयातलं सगळ्यात देखणं काम म्हणजे टीएन-थ्री रिझॉल्व्हेज या एन्झाइमचं, निदान मला तरी तसंच वाटतं. हे एन्झाइम गोल डीएनएवरच्या दोन ठरावीक जागा जवळ आणतं, कापतं आणि अदलाबदल करून जोडतं, त्यातून बहुतेक वेळा दोन साध्या अडकलेल्या कड्या मिळतात. पण कधीकधी ते सोडून न देता तीच क्रिया पुन्हा करतं, दुसऱ्या फेरीत फिगर-एट गाठ, तिसऱ्यात व्हाइटहेड लिंक, म्हणजे दोन कड्यांचा जास्त गुंतलेला प्रकार. समनर्स आणि क्लॉस अर्न्स्ट यांनी गणितज्ञ जॉन कॉन्वे यांची टँगलची, म्हणजे गाठीचे तुकडे पाडून हिशोब करायची, रीत घेतली, म्हणजे एन्झाइमच्या पकडीतला भाग एक टँगल आणि बाहेरचा दुसरा, आणि प्रत्येक फेरीचं उत्पादन हे एक समीकरण. अज्ञात दोन आणि समीकरणं तेवढी पुरेशी, १९९० मध्ये त्यांनी उत्तर छापलं की दर फेरीत एकच छेद वाढतो आणि बाहेर ३ छेद अडकलेले असतात. या हिशोबाने चौथ्या फेरीत ६ छेदांची एक ठरावीक गाठ यायला हवी, आणि कोझारेलींच्या लॅबने क्रियेच्या मॉडेलवरून तीच गाठ आधी ओळखून १९८५ मध्ये मायक्रोस्कोपखाली पकडलीही होती.

व्हायरसची गोष्टही अशीच. पी-फोर या बॅक्टेरिओफाजचा, म्हणजे बॅक्टेरियात शिरणाऱ्या व्हायरसचा, डीएनए १० हजार बेसजोड्यांचा आणि दोन्ही टोकं चिकट. मोकळ्या द्रावणात तो गोल झाला तर गाठ पडायची शक्यता ३ टक्के, पण शेपूट नसलेल्या फाजच्या कवचात टोकं जुळली तर ९५ टक्के. बार्सिलोनातल्या होआकिम रोका यांच्या गटाने २००५ मध्ये या गाठी तपासल्या तर डावं-उजवं नसलेली फिगर-एट जवळपास गायब, म्हणजे आत डीएनए वेडावाकडा कोंबलेला नसून एकाच दिशेच्या पिळाने भरलेला असणार.

काळा आजार करणाऱ्या लीश्मानिया परजीवीचा आणि त्याच्या भाऊबंदांचा मायटोकाँड्रियातला डीएनए तर हजारो छोट्या कड्यांचं जाळंच आहे. १९९५ मध्ये क्रिथिडिया या अशाच एका भाऊबंदात मोजलं तर प्रत्येक कडी सरासरी ३ शेजारणींत अडकलेली निघाली.

औषधांशी याचा थेट संबंध आहे. सिप्रोफ्लॉक्सासिन बॅक्टेरियाच्या जायरेजला, म्हणजे त्यांच्या टाइप टू एन्झाइमला, कापलेल्या अवस्थेतच अडकवून ठेवतं. कॅन्सरमध्ये इटोपोसाइड माणसाच्या टाइप टूला आणि कॅम्प्टोथेसिन टाइप वनला असंच पकडतं. कॅम्प्टोथेसिन १९६६ मध्ये अमेरिकेत मन्रो वॉल आणि मूळचे नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून काढलं, पुढे ते आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यातही सापडलं, आणि त्यामुळे या झाडाची तोड आणि तस्करी होते. ते टोपोआयसोमरेजलाच धरतं हे १९८५ मध्ये कळलं, दाखवणाऱ्यांत लिरॉय लियू होते, तेच ते वर आलेले, गाठीवाले.

प्रोटीनमध्येही गाठी असतात पण कमी, ज्ञात रचनांपैकी सुमारे १ टक्का. इथे टोकं मोकळी असल्यामुळे आधी ती कॉम्प्युटरवर जोडून मगच गाठ ठरवतात. वायआयबीके या बॅक्टेरियाच्या प्रोटीनमध्ये ट्रेफॉइल आहे, मेंदूत भरपूर सापडणाऱ्या यूसीएच-एलवनमध्ये ५ छेदांची, आणि २०१० मध्ये एका एन्झाइममध्ये ६ छेदांचीही मिळाली. आरएनएमध्ये मात्र गाठी जवळपास सापडतच नाहीत.