मळेवाल्यांचे घर, गुलामगिरीनंतर
अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत गुलामगिरी संपल्यावर कापूस-तंबाखूच्या मळेवाल्यांच्या घरसंसारात झालेली उलथापालथ. डिसेंबर १८६५ मध्ये गुलामगिरी रद्द करणारी तेरावी घटनादुरुस्ती अमलात आली. त्याआधी, १८६०च्या जनगणनेत, गुलामांची संख्या चाळीस लाखांच्या आसपास होती.

मळेवाल्याचे स्वयंपाकघर बहुधा मुख्य घरापासून सुटे, मागच्या अंगणात असे. आगीची भीती, धूर, उकाडा ही त्याची कारणे. पण ही सोय परवडे ती गरम भांडी घेऊन अंगण ओलांडणारे हात फुकटचे होते म्हणून. ते हात गेले आणि अनेक घरांत चूल हळूहळू घराला येऊन चिकटली.

ऑगस्टा (जॉर्जिया) येथील मळेवाल्या घरातल्या मालकीण गर्ट्रूड थॉमस यांच्या रोजनिशीत मे १८६५ मध्ये एकेक नोकर निघून गेल्याच्या नोंदी आहेत. पुढे नवऱ्याच्या कर्जापायी या श्रीमंताच्या लेकीला शाळेत शिकवून घर चालवावे लागले. ‘आमच्या घरातलीच’ म्हणवली जाणारी माणसे न सांगता गेली, हा मालकिणींचा नेहमीचा सल. थकलेल्या पगाराचा विषय मात्र निघत नसे. तो गुलामगिरीतून सुटलेल्या जॉर्डन अँडरसन यांनी काढला. जुन्या मालकाने परत बोलावले तेव्हा ऑगस्ट १८६५ मध्ये ओहायोतून त्यांनी उलट हिशेब धाडला : स्वतःची ३२ वर्षे, बायकोची २०, एकूण ११,६८० डॉलर.

मळ्याचा नकाशाही बदलला. जॉर्जियातल्या बॅरो मळ्यावर १८६० मध्ये गुलामांच्या झोपड्या मालकाच्या घराजवळ, एका घोळक्यात होत्या. १८८१ पर्यंत त्या शेतोशेती विखुरल्या. आता तिथे वाट्याने किंवा खंडाने कसणारी कुटुंबे राहत. मालकाच्या ओसरीवरून हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या जवळ राहायचे नाही, हे त्यातले खरे मर्म.

घरकाम करणाऱ्या बायकांनीही मालकाच्या घरी मुक्काम नाकारला. स्वयंपाकीण संध्याकाळी उरल्यासुरल्या अन्नाचे भांडे घेऊन घरी जाई. तुटपुंज्या पगारातला तो हक्काचा वाटा, असे तिचे म्हणणे. मालकीण त्याला कधी दया म्हणे, कधी चोरी. धोबिणींना मोकळीक अधिक, कारण गोऱ्यांचे कपडे त्या आपल्याच अंगणात धूत. जुलै १८८१ मध्ये अटलांटात वीस जणींनी संघटना काढून दरवाढीसाठी संप पुकारला. तीन आठवड्यांत त्या तीन हजार झाल्या. नगरपरिषदेने २५ डॉलरच्या परवान्याचा धाक घातला, तेव्हा त्यांनी महापौरांना कळवले, की २५ काय, ५० डॉलरही भरू, पण शहराची धुलाई आमच्याच ताब्यात राहिली पाहिजे.