शेअर आणि रिझर्व्हेशन आले कुठून?

हिंजवडी-खराडीकडच्या सर्व्हर टीममध्ये ‘आमच्या व्हीएमला अजून चार सीपीयू द्या आणि सगळे रिझर्व्ह करून टाका’ ही मागणी रोजचीच (व्हीएम म्हणजे एका खऱ्या सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभं केलेलं आभासी मशीन), आणि मला मनापासून वाटतं की व्हीएमला प्रोसेसरचा वाटा ठरवून देणारी ही शेअर आणि रिझर्व्हेशनची सेटिंग्ज कुठून आली ते कळलं तर अशा निम्म्या मागण्या होणारच नाहीत.

मुळात हे प्रकरण साठच्या दशकातलं. कॉम्प्युटर प्रचंड महाग, म्हणून आयबीएमच्या अमेरिकेतल्या केंब्रिजच्या सेंटरमध्ये आधी सीपी-४० आणि मग १९६७ च्या सुमारास सीपी-६७ ही सिस्टिम तयार झाली, त्यात प्रत्येक युजरला वाटायचं अख्खं मशीन आपलंच आहे, पण खरा प्रोसेसर मात्र थोडा थोडा वेळ आळीपाळीने सगळ्यांना मिळायचा. १९७२ मध्ये तिचाच पुढचा अवतार व्हीएम/३७० आला. नंतर पीसी स्वस्त झाले आणि हा विषय बराच मागे पडला.

१९९८ मध्ये व्हीएमवेअर ही कंपनी सुरू झाली, २००१ मध्ये तिचं एकाच सर्व्हरवर अनेक व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर ईएसएक्स सर्व्हर आलं. वाटणीचं गणित मात्र थोडं आधीचं, १९९४ मध्ये एमआयटीत कार्ल वाल्डस्पर्गर आणि विल्यम वाइल यांनी लॉटरी शेड्युलिंग मांडलं, ज्याच्याकडे जास्त तिकिटं त्याला त्या प्रमाणात जास्त प्रोसेसर. वाल्डस्पर्गर पुढे व्हीएमवेअरमध्येच गेले, आणि ईएसएक्समधले शेअर्स याच विचाराचे.

समजा होस्टवर (म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या खऱ्या सर्व्हरवर) प्रोसेसरचे एकूण १२ गिगाहर्ट्‌झ आहेत, एका व्हीएमचे शेअर्स २०००, दुसरीचे १०००. दोघी फुल लोडवर असतील तर ८ आणि ४. दुसरी रिकामी बसली की पहिली पाहिजे तर सगळे १२ घेते, म्हणजे शेअर्सचा प्रश्न ओढाताण झाली तरच येतो. दुसरीला ५ चं रिझर्व्हेशन दिलं तर तिला गर्दीतही ५ मिळणारच, पण ती वापरत नसेल तेव्हा तेवढे इतरांना वापरता येतात. मात्र होस्टवर तेवढी अजून कोणासाठी रिझर्व्ह न झालेली कपॅसिटी नसेल तर व्हीएम पॉवर ऑनच होत नाही!

जास्त सीपीयू दिले की व्हीएम उलट स्लो का होते, त्यालाही इतिहास आहे. सुरुवातीच्या ईएसएक्समध्ये चार व्हीसीपीयूच्या (म्हणजे आभासी सीपीयूच्या) व्हीएमला खऱ्या प्रोसेसरचे चार कोर एकदम मोकळे मिळेपर्यंत थांबावं लागायचं. ईएसएक्स ३ पासून ही अट सैल झाली, तरी गर्दीच्या होस्टवर गरज नसताना व्हीसीपीयू वाढवले तर सीपीयू रेडी वाढतो, म्हणजे काम तयार आहे पण कोर मिळत नाही. सीपीयू रेडीच्या वीस सेकंदांच्या चार्टमध्ये एका व्हीसीपीयूला २००० मिलिसेकंद दिसले की १० टक्के वेळ नुसता रांगेत गेला.

झेन हे असंच दुसरं सॉफ्टवेअर २००३ चं, तिथे वेट (शेअर्ससारखं वजन) आणि कॅप (वरची मर्यादा). २००७ मध्ये केव्हीएम हे तसंच सॉफ्टवेअर लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, आलं आणि व्हीसीपीयू म्हणजे लिनक्सचा साधा थ्रेड (प्रोसेसरवर चालणारं एक काम) झाला, त्याला शेअर्स आणि कोटा (वेळेची वरची मर्यादा) लावता येतो, पण पक्की हमी हवी तर कोर पिन करून, म्हणजे त्या व्हीसीपीयूला बांधून, बाकीच्यांना त्यावर येऊच द्यायचं नाही, आणि मग तो कोर रिकामा असला तरी शेजारच्या व्हीएमच्या कामाचा नाही.